बद्द आणि खणखणीत

पावणेचार. हिचा दिवस तेव्हा सुरू व्हायचा. गजर लावला तर सगळं घर उठतं, म्हणून हिनं तो पहिल्याच वर्षी बंद केला आणि पुढची तीस वर्षं नुसत्या सवयीवर उठली. रुग्णालयाच्या धुलाईत पहिली पाळी पाचला लागायची. पाचला म्हणजे पाचला हात चादरीवर पाहिजेत. पाचला दारातून आत शिरलं तर तो उशीर.

ही म्हणजे माझी बायको. हिला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, मला नऊ. अजूनही ही पावणेचारलाच उठते. फरक एवढाच, की उठून काय करायचं ते आता हिचं ही ठरवते. शनिवार असला की तळ्यावर जायची पिशवी भरते.

तळ्याच्या काठावर आम्ही दगड गोळा करतो. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात. मी चाळीस वर्षं दगडी बांधकाम केलेला गवंडी. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याची खोड जात नाही. खोड माझी नाही, हिची आहे. चाळीस वर्षं दगड उचलल्यावर आणखी उचलायची मला हौस नव्हती. हिनं मात्र आयुष्यात कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं असं एकच काम केलं, ते हे. म्हणून मी बरोबर जातो.

धुलाईत हिचं काम रोलरवर होतं. तापलेल्या दोन रोलरांमध्ये ओली चादर घालायची, पलीकडून ती कोरडी निघते. दोघीजणी घालायला, दोघी घडीला. चादर जरा तिरकी गेली की सुरकुती पडते, आणि रोलरची सुरकुती पुढच्या धुण्यापर्यंत मोडत नाही. एका पाळीत सहाशे चादरी. म्हणजे बाराशे वेळा हात खांद्यापर्यंत जायचे, सहाशे वेळा घालायला आणि सहाशे वेळा पुढची ओढायला. हे मी मोजलं, हिनं नाही. तिथल्या बायका हिला ‘कडक’ म्हणायच्या. इस्त्रीवरून म्हणायच्या की स्वभावावरून, ते मी कधी विचारलं नाही.

रोलरांचा आवाज असा, की शेजारी उभी असलेली बाई काय बोलते ते कळत नसे. पहिल्या दिवशी मुकादमबाईनं हिच्या हातात कापसाचे दोन बोळे ठेवले आणि स्वतःच्या कानाला बोट लावून दाखवलं. हिनं ते बोळे एकतीस वर्षं घातले.

मी कधी घातले नाहीत. गवंड्याला दगड ऐकावा लागतो. हातोडीचा हलका टोला दिला की धड दगड खणखणीत वाजतो. आत चीर असेल तर बद्द वाजतो, फुटक्या मडक्यासारखा. ती चीर डोळ्यांना दिसत नाही. बद्द दगड भिंतीत गेला तर पहिली काही वर्षं मुकाट बसतो आणि मग एखाद्या वर्षी भार सोडून देतो. तेव्हा गवंड्याला कुणी शोधायला येत नाही, पण भिंत त्याचीच असते. कान बुजवून दगड कसा ऐकणार? शेवटची पंधरा वर्षं दगड कापायचं यंत्र आलं. ते चालू झालं की दात हलायचे. तेव्हाही कान उघडेच ठेवले. पद्धत मोडायची नाही म्हणून.

गेल्या गुरुवारी लेक आली होती. चहा झाला. हिनं पाय लांब करून गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवलेली. लेकीनं ती बघितली.

“आई, पुरे झालं आता हे दगडांचं. तिथं घसरलीस तर उचलायला कोण आहे?”

“हे असतात की बरोबर.”

लेक माझ्याकडे वळली. “अप्पा, लक्ष असतं ना तुमचं हिच्याकडे?”

“नसायला काय झालं?”

“परवा मी अर्धा तास बाहेर उभी होते.”

“बेल बिघडली होती.”

“मग मी हातानं दार वाजवलं. वाजवून वाजवून हात दुखला माझा.”

“दार जाड आहे,” मी म्हणालो.

“पंचवीस वर्षं पातळ होतं,” ही म्हणाली, “आताच अंगानं भरायला लागलंय.”

दोघी हसल्या. मी कप उचलून मोरीत ठेवला. कान तपासून घ्या, हे लेकीनं याआधी दोनदा सांगितलं होतं. ऐकू येत असताना तपासायचं काय, हे माझं उत्तर तिला पाठ होतं, म्हणून तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. निघताना चपला घालता घालता थांबली, माझ्यासमोर येऊन म्हणाली, “तुमच्या भरवशावर पाठवते आहे हं. काही झालं तर तळं बंद. मग मला कुणी काही सांगायचं नाही.”

हिच्या तोंडावरून मला कळलं, की लेक हे खरं करील अशी हिला भीती आहे. गुडघ्याचं दुखणं हिनं मनावर घेतलं नव्हतं. हे घेतलं.

शनिवारी सहाची बस धरली. पिशवीत पाव, चार उकडलेली अंडी, मिठाची पुडी, थर्मास, एक टॉवेल, माझी लहान हातोडी. दुसरी पिशवी रिकामी, येतानाची. तिचा नियम ठरलेला आहे. दोघांचे मिळून आठ किलो, पाच माझे, तीन हिचे. त्यापेक्षा एक खडा जास्त नाही. घरी गेल्यावर मी वजन करतो. थांब्यावर उतरून काठापर्यंत चौदाशे पावलं आहेत, हिच्या पावलांनी अठराशे.

पाणी उतरलं होतं. उतरलेल्या पाण्यामागे दगडांचा पट्टा उघडा पडतो. वर डोक्याएवढे, मधे तळहाताएवढे, अगदी कडेला चणेफुटाणे. ही मधल्या पट्ट्यात काम करते.

हिचं काम बघण्यासारखं आहे. ओला दगड कुणाचाही चांगला दिसतो, म्हणून ओल्यावर ही भाळत नाही. उचलते, टॉवेलनं पुसते, वरच्या सपाट खडकावर उन्हात मांडते आणि पुढे जाते. दहा-पंधरा मिनिटांनी परत येऊन बघते. सुकल्यावर बहुतेक सगळे राखेसारखे होतात. ज्याचा रंग सुकल्यावरही टिकला तो घ्यायचा. शंभरात दोन टिकतात. उरलेले अठ्ठ्याण्णव ही जिथून घेतले तिथं नेऊन ठेवते. फेकत नाही. मी म्हणालो होतो, फेकलेस तर निम्मे कष्ट वाचतील. ही म्हणाली, “माझे कष्ट आहेत, तुम्ही कशाला वाचवता?”

टिकलेला दगड माझ्याकडे येतो. तो मी डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरतो आणि हातोडीनं एक टोला देतो. खणखणीत असेल तर पिशवीत, बद्द असेल तर बाजूला. घरच्या फळीवर मांडायच्या दगडात चीर असली काय आणि नसली काय. पण बद्द दगड मी घरात येऊ देत नाही.

साडेदहापर्यंत बारा दगड माझ्या हाताखालून गेले होते. नऊ पास, तीन नापास. मी पाण्याकडे पाठ करून तेरावा हातात घेतला. ही माझ्या मागे होती, पंधरा पावलांवर.

तिथं जे झालं ते असं. ही पाण्याजवळ, बारीक खड्यांत सुट्या पडलेल्या दोन मोठ्या दगडांच्या फटीत पाय ठेवून वाकली होती. वरचा दगड सरकला आणि पाय घोट्याशी अडकला. मोडला नाही, पण निघेना. ही म्हणाली, “अहो.” मग म्हणाली, “अहो, इकडे या.” मग ओरडली. मग अशी ओरडली की लांब गळ टाकून बसलेला एक मनुष्य उठून उभा राहिला. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की पाठीत काहीतरी लागलं. वळून बघितलं तर सुपारीएवढा दगड पायाशी पडलेला आणि हिच्या हातात दुसरा तयार.

“हाक मारायची ना,” मी म्हणालो.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आधी पाय काढा.”

अडकलेला पाय ओढायचा नसतो. वरचा दगड हातानं उचलायचाही नसतो. तो सुटला तर आधीपेक्षा वाईट. पहार असती तर काम एका मिनिटाचं. काठावर वाळलेलं लाकूड पडलं होतं, मनगटाएवढं जाड. ते फटीत घातलं, खाली टेकू म्हणून एक चपटा दगड दिला आणि अंगाचा भार टाकला. दोन बोटं फट झाली. “काढ,” म्हणालो. हिनं पाय काढला. घोट्यावरची कातडी सोलली होती, रक्त थोडं होतं. पाय फिरवून बघितला. फिरत होता.

तोवर गळवाला येऊन पोचला. धापा टाकत होता. माझ्या पुढ्यात उभं राहून म्हणाला, “काका, मावशी केव्हाच्या ओरडतायत. मला तिथं ऐकू आलं.”

“वारा तुमच्या बाजूला वाहत असेल.”

त्यानं तळ्याकडे बघितलं. पाणी ताटातल्यासारखं स्थिर होतं. “वारा,” तो म्हणाला, आणि हिच्या घोट्याची चौकशी करून परत गेला.

मी टॉवेल भिजवून घोट्याला गुंडाळला. ही सपाट खडकावर बसली. मग ही म्हणाली, “पुढच्या शनिवारी मी एकटी येणार.”

“एकटी? हा गुडघा घेऊन?”

“एकटी असले म्हणजे बरोबर कुणी नाही हे माहीत असतं. मग बाई जपून पाय टाकते. आज मी तुमच्या भरवशावर टाकला.”

“माझं ध्यान दगडात होतं.”

“ध्यानाचं नाही मी बोलत.”

“अगं, बद्द दगड ओळखतो मी अजून. सकाळपासून बारा वाजवले. एक तरी चुकला का?”

हिनं विचार केला. “नाही चुकला.”

“मग?”

हिनं बाजूच्या नापास दगडांतला एक उचलला, पिशवीतून एक काढला. माझ्यापुढे हात केला. मी हातोडी दिली.

“तळ्याकडे तोंड करून बसा. मी वाजवते. कुठला कुठला ते सांगा.”

मी बसलो. समोर पाणी. एक पांढरा पक्षी एका पायावर उभा होता. मी वाट बघितली. ही दगड हातात नीट धरत असेल असं वाटलं. नवख्या माणसाला तोलून धरायला वेळ लागतो. दगड मुठीत आवळला तर धड दगडही बद्द वाजतो, हे हिला सांगायला हवं होतं.

“वाजव की,” मी म्हणालो.

पुन्हा थांबलो. पक्षी उडाला.

“अगं, वाजव.”

ही लंगडत माझ्यासमोर आली. “सहा झाले,” म्हणाली. “तीन याचे, तीन त्याचे.”

“हळू मारलेस.”

हिनं दगड माझ्या डोळ्यांपुढे धरला. टोल्याच्या जागी पांढरे डाग होते, एका कडेची कपची उडालेली. इतका जोरात टोला मी स्वतः देत नाही. एका दगडाचं रूप त्यात गेलं.

मी तो दगड घेतला, बोटांवर तोलला, टोला दिला. खणखणीत. दुसरा घेतला. बद्द. “हे बघ,” मी म्हणालो, “येतंय की ऐकू.”

“माझ्या हातात असताना येतंय का?”

हिनं दगड परत घेतला, माझ्या उजव्या कानाशी धरून वाजवला. तिसऱ्या खोलीत खिळा पडावा तेवढं काहीतरी आलं. डाव्या कानाशी धरला. तिथं तेवढंही नाही. मी पुन्हा स्वतःच्या हातात घेतला. खणखणीत. तेव्हा मला कळलं.

टोला बसला की दगड बोटांत थरथरतो. ती थरथर मनगटात चढते. धड दगडाची बारीक असते आणि लांबते. चिरलेल्याची जाड असते आणि जागच्या जागी संपते. मी त्यालाच आवाज समजत होतो. कान केव्हा थांबले आणि मनगटानं त्यांचं काम केव्हा उचललं, ते मला सांगता येणार नाही. कामावरचा माणूस बदलला, काम चोख होत राहिलं, त्यामुळे मुकादमाला पत्ता लागला नाही.

हे सगळं मी हिला सांगितलं. सांगायला वेळ लागला.

“म्हणजे आता मी उरलेला जन्म तुमच्या हातात हात देऊन बसायचं,” ही म्हणाली. “मी हाक मारली की थरथर येईल मनगटात.” मग दोन अंडी सोलून माझ्या हातावर ठेवली. मीठ हिनंच लावलं.

खाताना माझ्या आणखी एक लक्षात आलं. ही बोलायच्या आधी वळून माझ्याकडे तोंड करते. गळवालाही माझ्या पुढ्यात उभा होता आणि लेकही गुरुवारी चपला अर्ध्या घालून माझ्यासमोर आली होती. मी विचारलं, “केव्हापासून?”

“काय केव्हापासून?”

“समोर येऊन बोलतेस ते.”

“चार वर्षं झाली. धुलाईत असंच बोलायचो आम्ही, ओठांवर. ती सवय होती म्हणून निभावलं.”

“मग सांगायचं नाही मला?”

“सांगितलं की. ऐकू कुठं आलं?”

त्या दिवशी आम्ही लवकर निघालो. दोन्ही पिशव्या मी घेतल्या. हिनं विरोध केला नाही, त्यावरून घोटा किती दुखत असेल ते कळलं. घरी येऊन वजन केलं तर चार किलो तीनशे. सहा वर्षांत एवढं कमी कधी भरलं नव्हतं. हिनं दगड मोरीत धुतले, पुसले आणि खिडकीशी असलेल्या फळीवर मांडले. कपची उडालेलाही मांडला, उडालेली बाजू भिंतीकडे करून.

“लेकीला सांगणार?” मी विचारलं.

“घोटा आहे, त्यामुळे विचारील. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा.”

रविवारी लेक आली. आईच्या पायाची पट्टी तिला दारातूनच दिसली. मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, “मला ऐकू येत नाही.” चार शब्दांचं वाक्य. मग शनिवारी काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, वाऱ्यासकट. तिनं मधे बोलून मला अडवलं नाही. संपल्यावर आईकडे वळली, मग काहीतरी आठवून पुन्हा माझ्यासमोर तोंड केलं.

“म्हणजे तळं बंद,” म्हणाली.

“तळं कशाला बंद?” ही म्हणाली. “बंद पडलेत ते कान. ते आधी बघू. तोवर मी पाय टाकत नाही तिकडे. झालं?”

“आणि अप्पा तपासायला गेलेच नाहीत तर?”

“तर तू म्हणतेस तसं.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, दवाखाना किती वाजता उघडतो.

मंगळवारी गेलो. काचेची एक लहान खोली होती. आत खुर्ची, हातात एक बटण. कानात आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी बाई यंत्राशी बसली होती, तिच्या शेजारी ही. बाई यंत्राची कळ फिरवायची तेव्हा तिचा खांदा थोडा हलायचा. खांदा हलला की मी बटण दाबलं. दहापैकी दहा बरोबर आले असते. पाचव्याला ही उठली, आत आली आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून गेली. त्यानंतर बटण दाबायचा प्रसंग फारसा आला नाही.

बाईनं कागद पुढे ठेवला. दोन रेघा होत्या, दोन्ही उतरत गेलेल्या. डावी उजवीपेक्षा खाली. ती म्हणाली, “आजोबा, यंत्रं दोन्ही कानांना लावलेली बरी. पण एकापासून सुरुवात करायची म्हटलं तर उजव्याला करता येईल. खर्चही निम्मा.”

“एक पुरे,” मी म्हणालो. “एका कानानं ऐकेन.”

“आणि दुसऱ्यानं सोडून द्याल,” ही म्हणाली. “दोन्ही लावा हो.”

बाई खाली मान घालून हसली आणि फॉर्मवर आकडा घातला. मी तो वाचला आणि घरी जाऊन विचार करू म्हणालो. तोवर हिनं पर्समधून बँकेचं पुस्तक काढलं होतं. धुलाईतून निघताना हिला मिळालेली रक्कम त्यात तशीच पडून होती. माझ्या मजुरीतून घर झालं, लेकीचं शिक्षण झालं. हिच्या पैशाचं काय करायचं हा विषय निघाला की ही दर वेळी म्हणायची, बघू. सहा वर्षं तेच चाललं होतं. त्या पैशांतून दोन यंत्रं आली, एक उजव्या कानाचं, एक डाव्याचं.